सात नंबरचं तांबडं औषध

'पथ्य काय?' हा एक प्रश्न सोडला, तर तुम्ही तुमच्या डॉक्टरांना आजवर दुसरा कुठला प्रश्न विचारला आहे?

आठवून बघा, घाई नाही. दवाखान्यातून निघताना दाराशी थबकून, मान थोडी वाकवून आपण विचारतो, 'पथ्य काय?' डॉक्टर म्हणतात, 'तेलकट-आंबट नको.' झालं. पोटात काय जाऊ द्यायचं नाही ते कळलं. काय जाणार आहे ते विचारायची आपल्याला लाज वाटते. बंगळुराच्या गांधी बाजारात हीच माणसं वांग्याचं देठ तपासतात, वांगं नाकाशी नेतात, भाजीवालीच्या सात पिढ्यांची चौकशी करतात. औषध मात्र तीर्थासारखं घ्यायचं. उजव्या हातात ओतून डोक्यावरून हात फिरवायचा तेवढा राहतो.

माझी ही सवय ज्यांनी मोडली, ते डॉक्टर नव्हते. ते बसवनगुडीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आख्खी गल्ली त्यांना कंपाउंडरअण्णा म्हणायची, त्यामुळे मीही इथे तेवढंच म्हणते. गेल्या वर्षी ते गेले. वयानं गेले म्हणतात. आपल्याकडे साठीपुढचा प्रत्येक माणूस वयानंच जातो. त्यामुळे पुढची चौकशी वाचते.

अण्णांचं घराणं बंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेले आणि परत जायचं राहून गेलेले. आमचंही तसंच. अण्णांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं, आणि राग आला की उरलेलं निम्मंही कन्नड व्हायचं. किडकिडीत बांधा, कपाळावर काळ्या अंगाऱ्याची रेघ, धोतर आणि वर दवाखान्याचा पांढरा कोट. कोटाच्या खिशात एक छोटी कात्री. औषधाच्या बाटलीवर डोसाची जी कागदी पट्टी चिकटवतात, ती ते अशा निष्ठेनं कातरत की एकेक दात मोजून घ्यावा. पट्टी वाकडी गेली तर फाडून दुसरी. रांगेतला माणूस तोवर खोकून बेजार झाला तरी चालेल.

दवाखाना म्हणजे पुढे डॉक्टरांची खोली, मध्ये लाकडी पडदी, आणि पडदीआड अण्णा. डॉक्टरही आमच्यातलेच, म्हणजे जुने मराठी. त्यांच्या हाताला गुण होता. हे मी म्हणत नाही, बसवनगुडी म्हणते. गुण इतका, की पेशंटनं तोंड उघडण्यापूर्वीच चिठ्ठी लिहून व्हायची. चिठ्ठीवर औषधाचं नाव कधीच नसे, नंबर असे. खोकल्याला दोन नंबर, पोटाला चार नंबर. कुठल्या नंबरात काय, ते डॉक्टरांच्या वहीत आणि अण्णांच्या डोक्यात. नाव कळलं तर लोक परस्पर दुकानातून औषध आणतील आणि स्वतःच स्वतःचे डॉक्टर होतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. लोकांच्या जिवाची एवढी काळजी करणारा माणूस विरळा.

लोकांचीही तक्रार नव्हती. लोक औषध रंगानं ओळखत. 'मला मागच्या वेळचं पिवळं द्या.' 'आमच्या सासूबाईंना गुलाबी लागू पडतं.' साड्यांच्या दुकानात चालावी तशी बोलणी चालत.

अण्णा मात्र 'औषध' हा शब्दच वापरत नसत. पडदीच्या खिडकीतून बाटली पुढे सरकवत ते म्हणत, "घ्या. थोडंसं विष आहे. बेतानं घ्या."

नवखा पेशंट दचकायचा. डॉक्टर आतून ओरडायचे, "अण्णा!"

"सरी, सरी," अण्णा म्हणायचे, म्हणजे बरं बरं. आणि पुढच्याला तेच सांगायचे.

एवढ्यावर सुटका नसे. बाटली खिडकीत असे, पण तिच्या मानेवर अण्णांचा पंजा असे. "म्हणून दाखवा."

"काय?"

"कसं घेणार ते."

मग बायाबापड्या, कॉलेजचे प्रोफेसर, देवळाचे पुजारी, सगळे शाळेतल्या मुलांसारखे म्हणून दाखवत: दिवसातून तीनदा, जेवणानंतर, बाटली हलवून. चुकलं की परत पहिल्यापासून. एकदा एक निवृत्त मॅजिस्ट्रेट आले. त्यांनी साफ नकार दिला.

"मी पंचवीस वर्षं लोकांच्या साक्षी घेतल्या आहेत," ते म्हणाले.

"मग आज एक द्या," अण्णा म्हणाले.

मॅजिस्ट्रेट काठी टेकून बाकावर बसले. अण्णांनी पुढच्या माणसाला बोलावलं. रांग संपली, दुपार झाली, डॉक्टर जेवायला उठले, तरी मॅजिस्ट्रेट बसलेले आणि बाटलीवर पंजा तसाच. शेवटी भुकेनं न्यायसंस्था वाकली. ते म्हणाले, "काय मोठंसं! सकाळीच तिन्ही डोस एकदम घेऊन टाकतो, म्हणजे दिवस मोकळा."

अण्णांनी बाटली मागे ओढून घेतली.

औषध तयार करताना त्यांच्याशी बोलायचं नाही हा दुसरा नियम. कुणी बोललंच, तर हातातलं मिश्रण ते मागच्या मोरीत ओतून पहिल्यापासून सुरुवात करत. दिवसाला तीन-चार बाटल्या तरी मोरीला मिळत. मोरीच्या तोंडाशी डॉक्टरांच्या पत्नीनं अळू लावलं होतं. "बंगळुरातलं सगळ्यात जास्त औषध प्यालेलं अळू," असं अण्णा म्हणत. ते अळू कुणी खात नसे. हा एकच परिणाम अण्णांच्या प्रचाराचा त्या घरावर झालेला मी पाहिला.

आणि अमावास्या. दर अमावास्येला सकाळी अण्णा कापडी पिशवी घेऊन गल्लीत फिरत. घरात उरलेल्या औषधाच्या बाटल्या, अर्ध्या पुड्या, कोणे एके काळच्या गोळ्या, सगळं गोळा करायचे. अमावास्येला आजाराची शिल्लक घराबाहेर काढली की आजार परत येत नाही, असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत. बायका पदर सावरून, नमस्कार करून सगळं त्यांच्या पिशवीत टाकत.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि अंधश्रद्धेच्या फार विरुद्ध होते. मी त्यांना रस्त्यातच गाठलं. "अण्णा, तुम्ही शिकलेसवरलेले! हे अमावास्येचं काय थोतांड?"

"काय पत्रकबाई," ते म्हणाले. आमच्या घरी ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं. वडील दारूबंदीपासून मंदिरप्रवेशापर्यंत सगळ्या विषयांवर पत्रकं छापून फुकट वाटत, आणि मी खिळे जुळवत अक्षरं शिकले. म्हणून हे नाव. "पत्रकबाई, गेल्या वर्षी मी यांना सांगितलं, जुनं औषध नासतं, पोरं चुकून पितात, टाकून द्या. एका घरानं दिलं नाही. 'असू दे, उपयोगी पडेल.' आता अमावास्या म्हटलं की देतात. तुमचं विज्ञान स्वल्प बाजूला ठेवा आणि पिशवी धरा. जड झालीय."

मी पिशवी धरली. त्याबद्दल पत्रक काढलं नाही.

ते स्वतः कुठलंही औषध घेत नसत. सर्दी झाली की मिऱ्याचं सार प्यायचे आणि दोन दिवस बोलायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "मी कंपाउंडरला ओळखतो."

हे सगळं लोकांना विनोदी वाटायचं. मलाही वाटायचं. विक्षिप्त माणूस गल्लीत असला की गल्लीची करमणूक होते, आणि तो काय सांगतोय ते ऐकण्याची जबाबदारी टळते.

त्या सुमाराला राज्यांची फेररचना झाली होती, आणि बेळगाव-धारवाडकडचे कारकून बदलून बंगळुरात येऊ लागले होते. असंच एक जोडपं आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलं. बाईंचं नाव सुशीला. गल्लीनं दुसऱ्याच दिवशी त्यांची सुशीलक्का केली. पंचविशीच्या, मोठ्यानं हसणाऱ्या, बेळगावी मराठी ठसक्यात बोलणाऱ्या. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते आणि इतके सज्जन होते की त्यांच्याकडून काहीतरी अनर्थ घडणार हे आधीच दिसत होतं.

कार्तिकात नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. ती झाली आणि सुशीलक्काचा घसा सुजला, ताप आला. ती आमच्या डॉक्टरांकडे गेली. मी आईच्या दम्याचं औषध न्यायला बाकावर बसले होते, त्यामुळे पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

ती डॉक्टरांना म्हणाली, "मला पांढऱ्या गोळ्या सोसत नाहीत बघा. मागं यजमानांच्या हापिसाजवळच्या डॉक्टरनं दिल्या होत्या, तर सगळं तोंड आलं, ओठाला फोड आले. पांढऱ्या तेवढ्या देऊ नका."

डॉक्टर हसले. "पांढऱ्या नकोत? बरं. तांबडं देतो. मग तर झालं?"

"तांबडं चालंल की," ती म्हणाली, आणि दोघंही समाधानानं हसली.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं: सात नंबर.

सात नंबर म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. पडदीआड अण्णांनी बरणीतून पांढऱ्या गोळ्या मोजून काढल्या, खलात कुटल्या, पाणी आणि साखरेचा पाक घातला, वर तांबड्या रंगाचे दोन थेंब सोडले. सल्फाडायझिन. हापिसाजवळच्या डॉक्टरनं दिलेल्या त्याच गोळ्या, फक्त आता रंगीत लुगडं नेसून आलेल्या. पडदीमुळे पुढच्या खोलीतलं बोलणं अण्णांना ऐकू गेलं नव्हतं, आणि चिठ्ठी फक्त नंबर सांगत होती.

"थोडंसं विष आहे, अक्का. म्हणून दाखवा."

सुशीलक्कानं खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, बाटली हलवून, वर भरपूर पाणी. एक शब्द चुकला नाही. अण्णा खूष झाले. "अशी पेशंट पाहिजे," ते मला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिच्या अंगावर फोड उठले. तोंडातली कातडी सोलून निघाली, डोळे सुजून मिटले. यजमान तिला टांग्यात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. पंधरा दिवस ती जगते की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी मात्र लगेच सांगितलं. "शेंगा," ते म्हणाले. "जत्रेत भरमसाट शेंगा खाल्ल्या असतील. प्रकृती मुळात उष्ण." गल्लीला ते पटलं. त्या वर्षी जत्रेत आख्ख्या बंगळुरानं शेंगा खाल्ल्या होत्या आणि कुणाची कातडी निघाली नव्हती, हा तपशील कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. माझ्या आईनंसुद्धा आठवडाभर घरात शेंगा आणू दिल्या नाहीत.

सुशीलक्का वाचली. डावा डोळा कायमचा अधू झाला. तिला बोलता येऊ लागल्यावर आईनं माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात पेज पाठवली, आणि वाटेत अण्णा भेटले, तेही निघाले. मला वाटलं होतं ते चेष्टा करतील, तिला हसवतील. ते खाटेशेजारी उभे राहून म्हणाले, "अक्का, तुम्ही काय खाल्लं होतं?"

"तुमचं औषध," ती म्हणाली. ओठ अजून चिरलेले, त्यामुळे हळू बोलत होती. "आणि मी डॉक्टरास्नी सांगितलं होतं की हो, पांढऱ्या गोळ्या सोसत नाहीत म्हणून. म्हणून तर तांबडं दिलं."

अण्णा जमिनीवरच बसले. म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाण्याचं विचारलं."

परत येताना अण्णा मध्येच यजमानांच्या हापिसाच्या रस्त्याला वळले. त्या पहिल्या डॉक्टरच्या दवाखान्यात मागच्या दारानं शिरले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. तिथल्या कंपाउंडरला विचारून आले होते. डॉक्टर डॉक्टरला सांगणार नाही. कंपाउंडर कंपाउंडरला सांगतो. दोन्ही वेळा तेच औषध होतं.

"तिसऱ्यांदा घेतलं तर?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा पेज न्यायला लागणार नाही," ते म्हणाले.

आणि तिसरी वेळ लांब नव्हती. सुशीलक्का घरी आली न आली तोच यजमानांची बदली हुबळीला झाली. चार दिवसांत निघायचं होतं. तिथे नवा डॉक्टर, नवा घसा, आणि सुशीलक्का नव्या डॉक्टरला काय सांगणार? 'पांढरं सोसत नाही आणि तांबडंही सोसत नाही.' तो मायेनं म्हणणार, 'मग हिरवं देतो.' तिच्या जिवाला एकाच गोष्टीची गरज होती: त्या औषधाचं नाव. फुकट मिळण्यासारखी वस्तू.

यजमान डॉक्टरांकडे नाव मागायला गेले. डॉक्टर म्हणाले, "नाव घेऊन काय त्याची पूजा करणार आहात? शेंगा टाळा." नंतर पडदीआड जाऊन अण्णांना बजावलं. ते अण्णांनीच मला सांगितलं. "या दवाखान्यातून कुठलंही नाव बाहेर जाणार नाही. आणि लक्षात ठेवा अण्णा, मी फक्त आकडा लिहिला. कुटलं तुम्ही. पोलीस आले तर कुणाच्या खलाकडे बघतील?"

बावीस वर्षं त्या खलाशी उभा राहिलेला माणूस. बायको गेलेली, मूलबाळ नाही, दुसरं काम येत नाही. दोन दिवस त्यांनी नेहमीसारखी औषधं दिली. फक्त 'विष' म्हणायचं बंद केलं. गल्लीला वाटलं, सुधारले.

मी अर्थातच स्वस्थ बसणारी नव्हते. मी पत्रक लिहिलं. 'नागरिकहो, जागे व्हा! पांढऱ्या कोटातले काळे उद्योग!' दोन पानं. रात्रंदिवस समाजाचं रक्त शोषणाऱ्या वैद्यकशाहीच्या मी त्यात चिंध्या करून टाकल्या. वडिलांनी अभिमानानं छापलं. पहिली प्रत मी अण्णांना त्यांच्या खोलीवर नेऊन दिली. कॉफी दळायच्या दुकानामागे त्यांची एक खोली होती.

त्यांनी दारात उभं राहून, कागद डोळ्यांना भिडवून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"छपाई स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"आणि मजकूर?"

"'रक्तपिपासू' दोनदा आलंय. औषधाचं नाव एकदाही नाही."

मला राग आला. "मला नाव कुठं माहीत आहे? तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

हे मी फटकन बोलून गेले. अण्णांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"खरं आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी विष विष म्हणून ओरडतोय. आणि कुणी कुठलं विचारलं, तर नंबर सांगतोय." मग म्हणाले, "तुमच्या मशीनवर लहान कार्ड छापता येतं का? बस पासाएवढं."

आम्ही त्याच संध्याकाळी बसलो. त्यांनी सांगितलं, मी जुळवलं, मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत. माझ्या दोन पानांपेक्षा ते लहान होतं. 'या बाईंना सल्फा जातीचं कुठलंही औषध देऊ नये. गोळी, पूड, पातळ औषध, मलम, कुठल्याही रूपात आणि कुठल्याही रंगात. सल्फाडायझिननं यांना दोनदा गंभीर अपाय झाला आहे. दुसऱ्या वेळी ते औषध मी स्वतः कुटून दिलं.' आणि खाली त्यांचं पूर्ण नाव, पुढे 'कंपाउंडर'.

"शेवटची ओळ काढा, अण्णा," मी म्हटलं. "नोकरी जाईल."

"याके?" ते म्हणाले. का म्हणून? "हुबळीचा डॉक्टर विचारेल, कुणी सांगितलं? बाई म्हणेल, माहीत नाही. मग तो कार्ड फेकेल आणि हसेल. डोळ्यांनी बघितलेला माणूस पाहिजे. मी बघितलंय. मीच दिलंय."

"पण चूक डॉक्टरांची होती."

"त्यांची त्यांनी छापावी."

बारा कार्डं काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा स्वतः सुशीलक्काकडे गेले. एक तिच्या पाकिटात, एक यजमानांच्या, एक देव्हाऱ्यात, एक डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून. मग नाव म्हणून दाखवा म्हणाले.

"सल्फा... डायझिन. तांबडं..."

"रंग विसरा!" अण्णा ओरडले. "रंग मी घातला होता!"

यजमान सद्गदित झाले. आणि सद्गदित सज्जन माणूस जे करतो ते त्यांनी केलं. गाव सोडण्याआधी डॉक्टरांचा निरोप घ्यायला हवा, ही आपली पद्धत. निघायच्या दिवशी सकाळी ते नारळ-विडा घेऊन दवाखान्यात गेले, बायकोचा डोळा घालवणाऱ्या माणसाच्या पाया पडले, आणि म्हणाले, "तुमच्या दवाखान्याचे फार उपकार झाले. तुमच्या कंपाउंडरनी किती आपुलकीनं हे कार्ड करून दिलंय बघा."

डॉक्टरांनी बघितलं.

मी तेव्हा बाकावर होते. पडदीआडचं सगळं ऐकू येत होतं. पुढच्या खोलीतलं पडदीआड ऐकू जात नसे, उलट मात्र जाई. लाकडाचा काहीतरी गुण असावा.

"इतकी वर्षं माझं मीठ खाल्लंत, अण्णा," डॉक्टर म्हणाले.

"मीठ खाल्लं, साहेब. सात नंबर नाही खाल्ला."

"तुम्ही मला रस्त्यावर आणायला निघालात."

"त्यात तुमचं नावसुद्धा नाही. बघा ना परत."

"उद्यापासून येऊ नका."

"आजची रांग संपवू?"

अण्णांनी रांग संपवली. फक्त त्या दिवशी खिडकीतून प्रत्येकाला त्यांनी आधी विचारलं, "आजवर काय सोसलं नाही?" आणि बाटलीबरोबर एकेक चिटोरं दिलं, त्यावर औषधाचं नाव. त्यातली निम्मी चिटोरी मला नंतर दवाखान्याच्या पायरीवर पडलेली सापडली. लोकांना बाटली पाहिजे होती.

नंतर कुठल्याच दवाखान्यानं त्यांना घेतलं नाही. प्रामाणिक कंपाउंडर म्हणून त्यांची ख्याती फार पसरली होती. खोलीपुढच्या दुकानात ते कॉफी दळू लागले. माझ्या पत्रकाच्या प्रती तिथे पुडे बांधायला उपयोगी पडल्या, त्यामुळे ते घरोघर पोचलं एवढं खरं. डॉक्टरांनी नवा कंपाउंडर ठेवला. चटपटीत, अबोल. रांग झटपट सरकू लागली आणि सगळी गल्ली म्हणाली, आता कसं बरं झालं.

पाच-सहा महिन्यांनी हुबळीहून यजमानांचं पत्र आलं. माझ्या नावावर, कारण अण्णांचा पत्ता त्यांना नीट माहीत नव्हता. मी ते दुकानात नेऊन वाचून दाखवलं. सुशीलक्काला पुन्हा ताप आला होता, घसा सुजला होता. तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली, कार्ड पाहिलं आणि तो भडकला. 'बंगळूरचा एक कंपाउंडर मला शिकवणार?' म्हणाला. मग विचारलं, हे त्यानं स्वतः छापलंय? स्वतःच्या नावानं? यजमान हो म्हणाले. डॉक्टरनं कार्ड पुन्हा वाचलं, आणि लिहिलेली चिठ्ठी फाडून त्यानं दुसरी लिहिली. सुशीलक्का आठ दिवसांत हिंडूफिरू लागली. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही, वगैरे.

माझे डोळे भरून आले होते. अण्णा कॉफीच्या यंत्राची मूठ धरून उभे होते.

"दुसऱ्या चिठ्ठीत काय लिहून दिलं?" त्यांनी विचारलं.

मी पत्र परत वाचलं. मागची बाजू पाहिली. "ते लिहिलेलं नाही."

"लिहा त्यांना," ते म्हणाले, आणि दळायला लागले.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. मोर्चा काढायला सांगत नाही, कुणाचा धिक्कार करायला सांगत नाही. ती माझी हौस आता फिटली. तुमच्या घरात कुणाला कधी एखाद्या औषधानं अपाय झाला असेल, अंगावर उठलं असेल, कान गेले असतील, दातखीळ बसली असेल, आणि तुम्ही तेव्हा 'उष्णता झाली' म्हणून गप्प बसला असाल, तर उद्या सकाळी त्या दवाखान्यात जा आणि त्या औषधाचं नाव विचारा. डॉक्टर सांगत नसतील तर कंपाउंडरला विचारा. 'आता नाव घेऊन काय करणार?' म्हणतील. भांडू नका. तिथे बाक असतं, त्यावर बसा. रांग सरकेल, दुपार होईल, भूक लागेल. ज्याला अपाय झाला त्याच्या हातात नाव लिहिलेला कागद देता येईपर्यंत उठू नका.